नकटा, खवलचोर आणि एक लाखाची हजेरी

२०२२ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका मोटार कारखान्यात भल्या सकाळी बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढलं, वनखात्याची माणसं आली, प्राण्यांचे डॉक्टर आले आणि काही तासांनी बिबट्याला भूल देऊन सुखरूप पकडलं. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याच्या त्याच्या फोनवर बिबट्याच होता.

माझ्या भाच्याचे बाबा चाकणलाच दुसऱ्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. त्यामुळे आमच्या घरात तो बिबट्या आठवडाभर मुक्कामाला होता म्हणा ना! आठव्या दिवशी भाच्याने जेवता जेवता विचारलं, “मावशी, चाकणला बिबट्या येतो हे कळलं. पण बाकीचे कोणकोण राहतात तिथे? सगळ्यांची यादी कुठे मिळेल?”

मी लगेच सुरू झाले. मुंगूस, घार, धामण, नाग, खार, वटवाघूळ, साळुंकी, टिटवी, ससा. तो बोटांवर मोजत होता. पंचवीसच्या आसपास मी “फुलपाखरं” म्हटलं, तर त्याने अडवलं. “फुलपाखरं हे एक नाव कसं? कोणती फुलपाखरं?” मग “कोळी” म्हटलं. “कोणते कोळी?” मुंग्या म्हटल्यावर तर त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमच्याच स्वयंपाकघरात काळ्या, लाल आणि अगदी बारीक पिवळट अशा तीन तऱ्हेच्या मुंग्या होत्या आणि त्यांतल्या एकीचंही पूर्ण नाव मला सांगता येत नव्हतं.

हा प्रश्न लहान वाटतो, पण भारतात गेली शंभरहून जास्त वर्षं काही माणसं हाच एक प्रश्न घेऊन बसली आहेत: इथे कोणकोण राहतं? आणि त्या माणसांचं एक मोठं ठिकाण आमच्या घरापासून सायकलने जेमतेम दहा मिनिटांवर आहे. आकुर्डीहून रावेतकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटी आहे ‘भारतीय प्राणी सर्वेक्षण, पश्चिम प्रादेशिक केंद्र’. त्या रस्त्याने रोज हजारो दुचाक्या जातात, कंपन्यांच्या बस जातात, आणि आत महाराष्ट्र, गुजरात, गोवा या सगळ्या भागांतल्या प्राण्यांची हजेरी मांडण्याचं काम चालू असतं.

इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून या संस्थेला सगळे ‘झेडएसआय’ म्हणतात. ती १ जुलै १९१६ ला कोलकात्यात सुरू झाली. पहिले संचालक होते थॉमस नेल्सन अॅनंडेल. पुण्याचं केंद्र १९५९ मध्ये उघडलं. काम एका वाक्यात सांगता येतं: देशातला प्रत्येक प्राणी शोधायचा, ओळखायचा, नीट जपून ठेवायचा आणि त्याची नोंद करायची. सांगायला एक वाक्य, करायला पिढ्या.

आता एक आकडा सांगते. ३० जून २०२४ ला झेडएसआयने भारतातल्या सगळ्या माहीत असलेल्या प्राण्यांची यादी जाहीर केली. त्यात १,०४,५६१ जाती आहेत. एक लाख चार हजार पाचशे एकसष्ट! तुमच्या बाईंनी ही हजेरी घ्यायचं ठरवलं, दर सेकंदाला एक नाव, मध्ये पाणी प्यायलाही थांबायचं नाही, तरी २९ तास लागतील. सोमवारी सकाळी सातला सुरू केलं तर मंगळवारी दुपारी बारा वाजता शेवटचा “हजर!” ऐकू येईल. आणि हा आवाज बहुतेक एखाद्या किड्याचाच असेल, कारण यादीत सगळ्यांत मोठी गर्दी कीटकांची आहे. वाघ, हत्ती, गेंडा, सिंह ही मंडळी या गर्दीत शोधूनच काढावी लागतात.

भारत केवढा? जगातली सगळी जमीन म्हणजे १०० फरशांचं अंगण धरलं, तर आपल्या वाट्याला अडीच फरशाही येत नाहीत. पण जगात आजवर नोंदवलेल्या दर शंभर जीवजातींपैकी सात ते आठ आपल्याकडे सापडतात. एवढ्याशा जागेत केवढी दाटी!

बरं, यादी झाली म्हणजे काम संपलं का? छे! २०२४ या एका वर्षात भारताच्या यादीत ६८३ प्राण्यांची भर पडली. त्यांतले ४५९ तर विज्ञानाला पूर्णपणे नवे, म्हणजे जगात कुठेच त्यांचं नाव लिहिलेलं नव्हतं. उरलेले २२४ दुसऱ्या देशांत माहीत होते, पण भारतात पहिल्यांदाच सापडले. हिशोब करून बघा. रोज एकाहून जास्त नवा प्राणी!

भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे ते काल जन्मले का?” नाही रे राजा. ते लाखो वर्षं इथेच होते. आपण वाकून पाहिलं नव्हतं.

२०११ मध्ये कॅमिलो मोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अंदाज मांडला. पृथ्वीवर साधारण ८७ लाख जीवजाती असाव्यात आणि जमिनीवरच्या जातींपैकी ८६ टक्क्यांना अजून नाव मिळालेलं नसावं. अंदाजच आहे हा, मोजून काढलेला आकडा नाही. शास्त्रज्ञांमध्ये त्यावर वादही आहेत. पण वर्गात शंभर मुलं बसली आहेत आणि हजेरीपटावर चौदाच नावं आहेत असा वर्ग डोळ्यांसमोर आणा. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आता नाव देतात कसं ते सांगते, कारण हा भाग मला फार आवडतो.

समजा एका ओढ्यात एक मासा मिळाला आणि तो ओळखीचा वाटत नाही. शास्त्रज्ञ काय करेल? मोजेल. माशाच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्यावरचे खवले एकेक करून मोजायचे. परातले काटे मोजायचे. डोळा केवढा, तोंड कुठे, मिशा किती, सगळं मोजायचं. मग आजवर त्याच्या भाऊबंदांवर जगात जिथे जिथे जे जे छापलं गेलंय ते सगळं वाचायचं, मग ते दीडशे वर्षांपूर्वीचं का असेना. संग्रहालयांतले जुने नमुने काढून शेजारी शेजारी ठेवायचे. हल्ली डीएनएही तपासतात. आणि एवढं करूनही तो कुणाशीच जुळला नाही, तरच म्हणायचं की हा नवा.

मग त्याच जातीतला एक मासा निवडतात. तो होतो ‘प्रमाण नमुना’. दुकानात किलोचं वजन खरं की खोटं हे ठरवायला जसं सरकारी प्रमाण वजन असतं, तसा हा मासा. पुढे शंभर वर्षांनी कुणी म्हणालं, “मला तोच मासा मिळाला”, तर ताडून बघायला हा बरणीत वाट पाहत असतो.

ती बरणीही बघण्यासारखी असते. आत अल्कोहोल, त्यात प्राणी आणि त्याच्याशेजारी अल्कोहोलमध्येच बुडालेली एक कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर गाव, नदी, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी बहुतेक वेळा पेन्सिलने लिहितात, कारण साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते. साधी पेन्सिल मात्र शंभर वर्षं टिकते! आणि चिठ्ठी हरवली की संपलंच. मग बरणीत नुसता एक मासा उरतो, कुठला, कधीचा, काही कळत नाही.

अशा बरण्या सांभाळणं सोपं नसतं. दुसऱ्या महायुद्धात कोलकात्यावर बॉम्ब पडायची भीती होती, म्हणून झेडएसआयचा मोठा संग्रह वाराणसीला हलवला. तिथे १९४३ मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि पाणी संग्रहात शिरलं. कितीतरी नमुने खराब झाले. बॉम्बपासून वाचवलं आणि नदीने गाठलं! हे वाचताना मला त्या चिठ्ठ्याच दिसत राहतात, पाण्यात तरंगणाऱ्या.

आता आपल्या नदीकडे येऊ. इंद्रायणी तुम्हाला माहीत आहे. लोणावळ्याकडून निघते, कामशेत, देहू, मग तळवडे, चिखली, मोशीच्या कडेने आळंदी, आणि पुढे भीमेला मिळते. एका अंगाला पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगाला चाकण. मला सांगा, जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत ठेवलेल्या एका जुन्या शास्त्रीय लेखात आपल्या या नदीचं नाव आहे हे कुणी तुम्हाला सांगितलं होतं का?

विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. १८१७ मध्ये पेशव्यांशी खडकीला जी लढाई झाली, तिच्यात तो होता. पुढे मुंबई सरकारने त्याला दख्खनची सगळी माहिती गोळा करायच्या कामाला लावलं. पिकं किती, माणसं किती, पाऊस किती. हे करता करता तो पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवत सुटला. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या माशांवर लंडनमध्ये निबंध प्रसिद्ध केला. आणि त्यात एक फार सुरेख गोष्ट केली. बऱ्याच माशांना शास्त्रीय नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच उचलली! मासेमारांना, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय ही नावं त्याला कशी कळणार?

म्हणून आज जपानमधला शास्त्रज्ञ असो की ब्राझीलमधला, आपल्या शिंगटीला तो ‘सींगटी’च म्हणतो. फुलंगी नावाच्या माशाचं शास्त्रीय नावही ‘फुलंगी’. मुठा-मुळेच्या पाण्यातल्या, पुण्याच्या पूर्वेला मिळालेल्या महासीर माशाचं नाव ‘टॉर खुद्री’. आणि इंद्रायणीतल्या एका माशाचं नाव त्याने ठेवलं ‘नुक्ता’. मोठ्याने म्हणून बघा. नुक्ता, नकटा!

या नकट्याचं चित्र मिळालं तर जरूर बघा. त्याच्या तोंडाच्या वर आडवी खोल खाच असते. मऊ कणकेचा मासा करून कुणीतरी त्याचं नाक अंगठ्याने आत दाबावं, तसा दिसतो. खाचेच्या वर एक टेंगूळ, खाली ओठ. एकदा पाहिला की विसरता येत नाही. ज्या कुणी त्याला पहिल्यांदा नकटा म्हटलं, त्या माणसाची नजर शास्त्रज्ञाचीच होती, असं मी ठामपणे म्हणेन. त्याचं नाव मात्र कुठेही लिहून ठेवलेलं नाही. कृष्णा आणि तिच्या उपनद्यांच्या पाण्यातला हा मासा आज धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

मराठी नावाचा दुसरा मासा तर माझा लाडका. १९५२ मध्ये डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका छोट्या माशाचं वर्णन झेडएसआयच्या नियतकालिकात छापलं. नाव दिलं ‘खवलचोर’. कारण हा पठ्ठ्या दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो! मासा नाही खायचा, नुसते त्याचे खवले. पळता पळता शेजाऱ्याच्या शर्टाचं बटण तोडून खिशात टाकावं, तसं. गंमत अशी की खवले ज्याचे जातात त्याला पुन्हा नवे उगवतात, म्हणजे चोराचं दुकान कायम चालू. नंतर नवा अभ्यास झाला, खवलचोराचं कुळनाव बदललं, पण ‘खवलचोर’ तसंच राहिलं. शास्त्राचा नियमच आहे तो. घराणं चुकलं असेल तर दुरुस्त करतात, पण जातीला पहिल्यांदा दिलेलं नाव सहसा काढून घेत नाहीत.

याच कुलकर्णींनी पुढे एस. एन. ओगले यांच्याबरोबर लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांपाशी, खुद्री महासीरची अंडी माणसाच्या हाताने फळवून पिल्लं वाढवायची पद्धत बसवली. इंद्रायणी जिथे उगम पावते, त्याच परिसरात. तिथली बोटभर पिल्लं देशातल्या कितीतरी नद्यांमध्ये सोडली गेली.

मासेच कशाला, सरड्यांचंही तसंच. गळ्याखाली पंखा असलेला एक सरडा माळरानांवर असतो. नराला मादीवर छाप पाडायची असली की तो दगडावर चढून पंखा फडफडवतो: निळा, काळा, केशरी. बरीच वर्षं असे सगळे सरडे एकाच नावाखाली मोजले जात. मग व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या कवट्या, पंखे आणि डीएनए तपासले आणि २०१६ मध्ये दाखवून दिलं की यांच्यात तर एक वेगळं कुळच दडलंय. त्या कुळाचं नाव काय ठेवलं असेल? ‘सरडा’! अगदी आपलाच शब्द. त्यातला सगळ्यांत देखणा ‘सरडा सुपर्बा’ साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर राहतो, जिथे ओळीने पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथल्या अभ्यासात आणखी एक नवल कळलं. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी जवळजवळ चारपटीने कमी दिसतात, म्हणून तिथे सरडे जास्त आहेत आणि माणसाला कमी घाबरतात. नाव माहीत नसतं, तर ही गोष्ट कुणाची म्हणून सांगितली असती?

आंबोलीच्या एका बेडकाचं नाव ‘चिरावासी’, म्हणजे दगडाच्या चिरांमध्ये राहणारा. पुण्याच्या आनंद पाध्ये, निखिल मोडक आणि नीलेश डहाणूकर यांनी २०१४ मध्ये ते ठेवलं. समीर कुमार पाती आकुर्डीच्या केंद्रात असताना गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या मागे होते. २०१६ मध्ये त्यांनी तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या पाच नव्या खेकड्यांची वर्णनं छापली. एका फटक्यात पाच! आणि खेकडे काही दडून बसलेले नव्हते. पावसाळ्यात घाटातून जाणाऱ्या कुणालाही ते दिसले असतील. पण दिसणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

मग सगळं छान चाललंय का? नाही, आणि हे तुमच्यापासून लपवावंसं मला वाटत नाही. वाघाची मोजणी होते, पक्ष्यांवर सुंदर पुस्तकं निघतात, ते हवंच. पण गांडुळं, कोळी, गोगलगायी, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी यांना ओळखणारी माणसं फारच थोडी आहेत. एखादा माणूस आयुष्यभर एकाच गटाचे कीटक पाहतो, हळूहळू त्याला नुसत्या पंखांच्या शिरांवरून जात कळायला लागते, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची रिकामी राहते. नव्या इमारती बांधायला पैसा मिळतो, पण तीस वर्षं मुंग्यांकडे बघत बसणाऱ्याला पगार द्यायला आपण का कचरतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

तोवर नदी थांबत नाही. २०१२ मध्ये इंद्रायणीच्या माशांची एक यादी प्रसिद्ध झाली. संशोधकांना ५७ जाती मिळाल्या. ५७! एवढ्या आपल्या एका नदीत. पण त्यांच्यात काही पाहुणेही होते, बाहेरून आणून सोडलेले. चिलापी मासा आफ्रिकेतला. डासांच्या अळ्या खाईल म्हणून सोडलेला गप्पी दक्षिण अमेरिकेतला. घरच्या काचेच्या टाकीतला मासा मोठा झाला की “जाऊ दे बिचारा” म्हणून नदीत सोडणारीही माणसं असतात. मनात दया असते, पण तो तिथे जाऊन शिंगटीसारख्या इथल्या माशांचं खाणं खातो. आणि खालच्या अंगाला, आळंदीजवळ, इंद्रायणीवर कधीकधी बर्फासारखा पांढरा फेस वाहताना तुम्ही बातम्यांमध्ये पाहिला असेल. सांडपाण्याचा आणि रसायनांचा तो फेस. साइक्सची १८३९ ची यादी आपल्याकडे आहे म्हणून तर विचारता येतं, की त्यातले आज किती उरले? जिथे यादीच झाली नाही, तिथे कोण गेलं हेसुद्धा कळणार नाही.

आता एक प्राणी जवळून दाखवते. गेल्या जुलैमध्ये मी आणि भाचा देहूरोडजवळच्या एका टेकडीवर गेलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. वर काळा कातळ आणि त्याच्या खळग्यांत साठलेलं पाणी. मोठं डबकं म्हणजे जेवणाच्या ताटाएवढं. मी घरून एक पांढरी बशी नेली होती. तुम्हीही न्या, पांढऱ्यावर सगळं स्पष्ट दिसतं. बशीत पाणी घेतलं तर आधी काहीच दिसेना. मग काहीतरी हललं. नखाएवढा, काचेसारखा आरपार जीव, आणि तो पोहत होता चक्क उताणा! पोट आभाळाकडे, पाठ खाली. पोटावर पानांसारख्या पायांच्या जोड्या, आणि त्यांची लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होती, वाऱ्याने भाताचं शेत हलावं तशी.

इंग्रजीत यांना ‘फेअरी श्रिम्प’ म्हणतात, म्हणजे परी कोळंबी. पायांच्या अकरा जोड्या. याच पायांनी ती पोहते, श्वास घेते आणि पाण्यातलं खाणं गाळून तोंडाकडे नेते. एकाच अवयवात वल्हं, कल्ले आणि गाळणी! डबकं आटायच्या आत ती मोठी होते, अंडी घालते आणि मरते. मग उन्हाळा येतो. तो कातळ इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही. अंडी मात्र त्या कोरड्या धुळीत पडून राहतात. एक वर्ष, कधी कितीतरी वर्षं. पाऊस पडला की फुटतात, आणि सगळी एकदम नाही फुटत हं. काही अंडी मागे थांबतात, पुढच्या पावसासाठी. पहिलाच पाऊस फसवा निघाला तर?

२०१४ मध्ये ख्रिस्तोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी अशाच एका परी कोळंबीला ‘सह्याद्रिएन्सिस’ हे नाव दिलं. आमच्या बशीतली तीच होती का? मला सांगता आलं नाही. त्यासाठी नराच्या डोक्यावरचे वळणदार अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. आम्ही फोटो काढले, जागा आणि वेळ लिहिली आणि पाणी होतं तिथे परत ओतलं. असे फोटो तुम्हालाही ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ या संकेतस्थळांवर मोठ्यांच्या मदतीने टाकता येतात. जगात कुठेतरी बसलेलं कुणीतरी ते बघून नाव सुचवतं. प्राणी पकडून घरी मात्र आणायचा नाही. शास्त्रज्ञांनाही त्यासाठी परवानगी काढावी लागते.

अशा कातळांवर दगडखाणी होतात, इमारतींचे पाये खणले जातात. डबकं म्हणजे घाण, डबकं म्हणजे डास, बुजवून टाका, असं आपण सहज म्हणतो. त्या ताटाएवढ्या पाण्यात काय होतं हे विचारायला कुणी थांबत नाही. त्या दिवशी टेकडीवरून उतरताना भाचा प्रत्येक खळगा चुकवून, उड्या मारत चालत होता.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कामशेतच्या वरच्या अंगाला इंद्रायणीवर गेलो. तिथे पाणी स्वच्छ असतं, तळातले गोटे दिसतात. एक आजोबा गळ टाकून बसले होते. भाच्याने उथळ पाण्यातून पारदर्शक डब्यात एक बोटभर मासा उचलला. मातकट रंग, पाठीवर काही खास नाही. पण तो डब्याच्या तळाशी चिकटून बसला! डबा तिरका केला तरी हलेना. आम्ही डबा वर धरून खालून पाहिलं. तोंडाच्या मागे, हनुवटीवर एक गोल चकती होती, शर्टाच्या बटणाएवढी. त्या चकतीने तो दगडाला धरून राहतो, म्हणून पावसाळ्यातला लोंढाही त्याला वाहून नेऊ शकत नाही.

“आजोबा, याला काय म्हणतात?” भाच्याने विचारलं.

आजोबांनी गळावरची नजरही हलवली नाही. “मल्या हाय त्यो.”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. साइक्सची यादी आम्ही आदल्याच रात्री वाचली होती. १८३९, ‘मल्या’. माशाचं आजचं शास्त्रीय नाव ‘गारा मल्या’.

त्याने दप्तरातून पेन्सिल काढली. पेनच होतं खरं तर वरच्या कप्प्यात, पण ते त्याने परत ठेवलं. वहीत लिहिलं: मल्या, इंद्रायणी नदी, कामशेतच्या वर, पाणी घोट्याएवढं. खाली तारीख घातली. मग डबा पाण्यात आडवा केला. मासा लगेच गेला नाही. थोडा वेळ डब्यालाच धरून बसला, मग सुटला आणि समोरच्या गोट्याला जाऊन चिकटला. पुढच्या क्षणी गोटा कोणता आणि मल्या कोणता, हे आम्हाला ओळखता येईना.